जस्त, इन्सुलिन आणि शुगर

गेल्या दोन महिन्यांत वेगवेगळ्या गावांतल्या चार गटांनी आम्हाला एकच प्रश्न विचारला. शुगरवर झिंक चालतं का? कुणी आठवडी बाजारात पावडरची पुडी पाहिली, कुणाच्या मोबाइलवर व्हिडिओ आला, कुणाला मेडिकलवाल्यानं बाटली दाखवली. एका गटातल्या काकूंनी तर पुडी घेऊन दवाखान्याची गोळी बंदही केली होती. हो किंवा नाही असं एका शब्दात उत्तर देता आलं असतं, पण ते कुणाला पटलं नसतं. झिंक आणि मधुमेह यांचं नातं खरं आहे. त्या नात्याचा धागा शंभर वर्षांचा आहे, आणि त्याच्याही आधी मागे जातो. म्हणून आज तो सगळा इतिहासच सांगायचं आम्ही ठरवलं.

झिंक म्हणजे आपलं जस्त. नाव इंग्रजी असलं तरी वस्तू घरचीच आहे. पितळेचा हंडा म्हणजे तांबं आणि जस्त यांचं मिश्रण. पाणी भरायची ती राखाडी बादली लोखंडाची असते आणि तिच्यावर जस्ताचा थर असतो, म्हणून ती लवकर गंजत नाही. पितळेच्या भांड्याला आतून कल्हई करतात ती मात्र जस्ताची नव्हे, कथलाची. हे सांगून ठेवतो, कारण पुष्कळजणी दोन्ही एकच समजतात. मका, भात, कांद्याला शेतात टाकतात ते झिंक सल्फेट हेसुद्धा जस्तच, आणि बाळाला जुलाब लागले की आशाताई ओआरएसच्या पाकिटासोबत ज्या गोळ्या देते त्याही जस्ताच्याच.

हे जस्त मातीतून वेगळं काढायला फार अवघड. तांबं, लोखंड भट्टीत वितळून खाली येतं. जस्ताचं तसं नाही. दगड तापवला की जस्ताची वाफ होते आणि तिला हवा लागली की ती जळून पांढरी राख होते, हाती काही उरत नाही. ही अडचण आपल्याच देशातल्या लोकांनी सोडवली. राजस्थानात उदयपूरजवळ जावर नावाचं गाव आहे. तिथल्या कारागिरांनी मातीच्या वांग्याच्या आकाराच्या मुशी केल्या. त्यात दगडाचा चुरा भरून मुशी उलट्या, तोंड खाली करून भट्टीत लावल्या. आग वर, थंड भांडं खाली. वाफ खाली उतरायची आणि हवा लागायच्या आत थंड भांड्यात थेंब थेंब जमायची. निदान आठशे वर्षांपूर्वी तिथे हा धंदा मोठ्या प्रमाणावर चालत होता. युरोपात विल्यम चॅम्पियन नावाच्या इंग्रजानं जस्त गाळायचं पेटंट घेतलं ते १७३८ साली. जावरला वापरून टाकलेल्या मुशींचे ढीगच्या ढीग आहेत. लोकांनी त्या मुशी रचून घरांच्या भिंतीही बांधल्या.

जस्त मिळू लागलं तसं ते औषधातही आलं. सोळाव्या शतकातल्या भावप्रकाश या आयुर्वेदाच्या ग्रंथात जस्ताचा उल्लेख ‘यशद’ या नावानं आहे. ते डोळ्यांना चांगलं आणि मेहावर, म्हणजे वारंवार लघवीच्या रोगांवर उपयोगी, असं तिथे म्हटलं आहे. मधुमेह हा त्या मेहांपैकीच एक. हे वाचलं तेव्हा आम्हाला गंमत वाटली. आजचे पुडीवाले नेमकं हेच पुढे करतात: बघा, आपल्या पूर्वजांना सगळं माहीत होतं! पण ग्रंथात उल्लेख असणं वेगळं आणि माणसांवर मोजून-मापून सिद्ध होणं वेगळं. शिवाय ग्रंथातलं भस्म करायला शोधनाच्या कितीतरी पायऱ्या आहेत. बाजारातल्या बिननावाच्या पुडीत शिसं आहे की काय, हे ना विकणाऱ्याला ठाऊक ना घेणाऱ्याला.

आता कॅनडा देशातल्या टोरंटो शहरात जाऊ.

शंभर वर्षांपूर्वी लहान वयात शुगर झाली की मूल वाचत नसे. डॉक्टरांपाशी एकच उपाय होता, जवळजवळ उपाशी ठेवणं. साखर होईल असं काही खायलाच द्यायचं नाही. त्यानं मूल काही महिने, फार तर वर्ष-दोन वर्षं जास्त जगायचं, पण हाडांचा सापळा होऊन. १९२१ च्या उन्हाळ्यात फ्रेडरिक बँटिंग आणि चार्ल्स बेस्ट यांनी टोरंटो विद्यापीठात कुत्र्यांच्या स्वादुपिंडातून एक अर्क काढला. प्रयोगशाळा प्राध्यापक मॅक्लाउड यांची होती. अर्क शुद्ध करायचं किचकट काम जेम्स कोलिप यांनी केलं. जानेवारी १९२२ मध्ये लेनर्ड थॉम्प्सन या १४ वर्षांच्या मुलाला तो टोचला. पहिल्या इंजेक्शननं काही जमलं नाही, अर्क कच्चा होता. बारा दिवसांनी कोलिपनं शुद्ध केलेला अर्क दिला आणि मुलाची साखर उतरली. हेच इन्सुलिन. शोधणाऱ्यांनी पेटंट विद्यापीठाला एकेका डॉलरला देऊन टाकलं.

तिथून हे औषध युरोपात पोचलं ते एका बाईमुळे. डेन्मार्कच्या मारी क्रोग स्वतः डॉक्टर आणि संशोधक होत्या आणि त्यांना स्वतःला मधुमेह होता. नवरा ऑगस्ट क्रोग नोबेल मिळालेला शास्त्रज्ञ. १९२२ साली व्याख्यानांसाठी दोघं अमेरिकेत गेले होते. तिथे इन्सुलिनची चर्चा ऐकून मारीबाईंनी नवऱ्याला आग्रह केला, टोरंटोला जाऊन हे बघून या. ते गेले आणि डेन्मार्कमध्ये इन्सुलिन बनवायची परवानगी घेऊनच परत आले. मारीबाईंवर उपचार करणारे डॉक्टर हान्स क्रिश्चन हागेडॉर्न त्यांना येऊन मिळाले. या हागेडॉर्नांचं नाव पुढे पुन्हा येणार आहे.

इन्सुलिन मिळालं, पण एक त्रास होता. त्याचा परिणाम काही तासच टिकायचा. म्हणून दिवसातून तीन-चार वेळा सुई. सुया तेव्हा जाड होत्या, काचेची सिरिंज उकळून घ्यावी लागायची. मध्यरात्री गजर लावून उठायचं आणि झोपलेल्या लेकराला टोचायचं. घराघरांतल्या आयांनी हे वर्षानुवर्षं केलं असेल.

इथे जस्त आलं. जॉन जेकब एबल या अमेरिकन शास्त्रज्ञानं १९२६ साली इन्सुलिनचे खडे तयार केले होते, खडीसाखरेचे असतात तसे स्फटिक. पण ते दर वेळी होत नसत. कधी साधत, कधी नाही. कारण कुणालाच कळेना. १९३४ साली टोरंटोच्या कॉनॉट प्रयोगशाळेतल्या डेव्हिड स्कॉट यांनी ते शोधून काढलं. खडे बनायला जस्त लागतं. जनावराच्या स्वादुपिंडातच जस्त असतं. ते अर्कात पुरेसं राहिलं की खडे होतात, धुवून निघालं की होत नाहीत. थोडं जस्त वरून घातलं की हमखास होतात.

तिकडे हागेडॉर्न इन्सुलिन हळू विरघळावं म्हणून धडपडत होते. त्यांनी माशांपासून मिळणारं प्रोटामाइन नावाचं द्रव्य त्यात मिसळलं. १९३६ साली ते जाहीर झालं. त्याच वर्षी स्कॉट आणि त्यांचे सहकारी फिशर यांनी त्यात जस्त घालून पाहिलं, तर परिणाम आणखी लांबला, चोवीस तासांपर्यंत आणि त्याहूनही जास्त. दिवसातून एकच सुई. मग १९४६ साली हागेडॉर्नांच्या प्रयोगशाळेनं प्रोटामाइन आणि जस्त यांचं प्रमाण नेमकं जुळवून एनपीएच इन्सुलिन तयार केलं. त्यातला एच म्हणजे हागेडॉर्न. पुढे प्रोटामाइन न घालता नुसत्या जस्तावर मुरवलेलं लेन्टे इन्सुलिनही निघालं.

मैत्रिणींनो, हे एनपीएच अजून वापरात आहे. तुमच्यापैकी कुणाच्या सासऱ्यांना, आईला दुधासारखं पांढुरकं इन्सुलिन लावलं असेल तर त्यात बहुतेक हेच असतं. बाटलीतला तो गढूळपणा म्हणजे खराबी नव्हे, जस्त आणि प्रोटामाइन यांनी धरून ठेवलेलं इन्सुलिन. ते तळाशी बसतं. म्हणून बाटली दोन तळव्यांमध्ये हळू फिरवून सारखी करून घ्यायची, जोरात हलवायची नाही. नीट न फिरवता घेतलं तर एक दिवस कमी जातं, एक दिवस जास्त, आणि माणूस म्हणतं की औषध लागू पडत नाही. पण साधं, पाण्यासारखं स्वच्छ इन्सुलिन गढूळ झालं असेल तर ते मात्र टाकून द्यायचं.

जस्त इन्सुलिनला धरून ठेवतं म्हणजे नक्की काय करतं, हे दिसायला पुढची तीसेक वर्षं गेली आणि तेही एका बाईच्या हातून झालं. आम्हाला या इतिहासातला सगळ्यात आवडलेला भाग हाच आहे.

डॉरोथी हॉजकिन इंग्लंडमध्ये ऑक्सफर्डला शिकवत. १९३४ साली त्यांच्या हाती इन्सुलिनच्या खड्यांची चिमूटभर पूड आली. खड्यावर क्ष-किरण सोडायचे, ते आतून विखरून बाहेर येतात आणि फिल्मवर ठिपके उमटतात. त्या ठिपक्यांवरून आतली रचना गणितानं शोधायची. १९३५ साली त्यांनी इन्सुलिनचं पहिलं असं चित्र छापलं. त्या रात्री त्या इतक्या हरखल्या होत्या की झोपच येईना, असं त्यांच्याबद्दल सांगतात. पण ठिपक्यांवरून रचना उलगडायची विद्याच तेव्हा अपुरी होती. कॉम्प्युटर नव्हते. तरुणपणीच त्यांना संधिवातानं गाठलं, बोटं वाकडी झाली. त्याच हातांनी खडे हाताळत त्यांनी काम चालू ठेवलं. तीन मुलं वाढवली. मधल्या काळात पेनिसिलिन आणि बी-१२ यांची रचना सोडवली आणि १९६४ साली त्यांना नोबेल मिळालं. त्या वेळी तिकडच्या एका वर्तमानपत्रानं मथळा दिला, ऑक्सफर्डच्या गृहिणीला नोबेल! आपल्याकडे सरपंच झालेल्या बाईची ओळख नवऱ्याच्या नावानं करून देतात, त्यातलाच हा प्रकार.

इन्सुलिन त्यांनी सोडलं नाही. १९६९ साली, पहिल्या चित्रानंतर ३४ वर्षांनी, रचना सापडली. ज्या गटानं ती सोडवली त्यात मार्गारेट ॲडम्स, एलिनॉर डॉडसन अशा बाया होत्या, आणि केरळचे एम. विजयन हे आपल्याकडचे तरुण शास्त्रज्ञही होते. ते पुढे बंगलोरच्या भारतीय विज्ञान संस्थेत आले आणि आपल्या देशात त्यांनी हीच विद्या शिकवली.

काय दिसलं त्या रचनेत? इन्सुलिनचे सहा कण एकत्र, एका रिंगणात, आणि मधोमध जस्ताचे दोन कण. भोंडल्याला पाटावरच्या हत्तीभोवती बाया हात धरून फेर धरतात ना, तसं डोळ्यांपुढे आणा. जस्त मध्ये आहे तोवर फेर टिकतो. सहा कण एकमेकींना धरून असतात, जागा कमी लागते आणि ते लवकर खराब होत नाहीत. स्वादुपिंडातल्या पेशी इन्सुलिन असंच साठवतात, कणगीत धान्य भरावं तसं. आपण जेवलो, साखर वाढली की पेशी ही कणगी रक्तात रिकामी करतात. रक्तात जस्त पांगतं, फेर सुटतो आणि एकेक कण कामाला लागतो. कारण काम करायचं असतं ते एकट्या कणानं, फेरातला कण कामाचा नाही. शरीरातल्या इतर भागांच्या मानानं इन्सुलिन बनवणाऱ्या या पेशींत जस्त फार जास्त असतं, ते याच्यासाठी.

मग पुढचा विचार कुणाच्याही मनात येईल. जस्त कमी पडलं म्हणून तर शुगर होत नाही ना? हा विचार स्कॉट आणि फिशर यांच्याही मनात आला होता. १९३८ साली त्यांनी मेलेल्या माणसांची स्वादुपिंडं तपासली, काही मधुमेह असलेल्यांची, काही नसलेल्यांची. मधुमेह असलेल्यांच्या स्वादुपिंडात जस्त सुमारे निम्मंच निघालं. ही बातमी मोठी होती. पण यात एक गोम आहे. कणगीत धान्यच नसेल तर कणगीतलं जस्तही नसणार. जस्त कमी म्हणून इन्सुलिन कमी झालं, की इन्सुलिन कमी म्हणून जस्त कमी दिसलं? नुसत्या मोजमापावरून हे सांगता येत नाही. पुढच्या सगळ्या संशोधनाला हा प्रश्न चिकटून राहिला.

नंतर रक्त आणि लघवी तपासायच्या पद्धती सुधारल्या तशी आणखी एक गोष्ट कळली. शुगर वाढलेल्या माणसाच्या लघवीतून जस्त जास्त वाहून जातं. वारंवार लघवीला जावं लागतं, साखरेबरोबर पाणी जातं आणि त्याच्यासोबत जस्तही. पुष्कळ रुग्णांच्या रक्तात म्हणूनच जस्त कमी सापडतं. किडनी बिघडली तर आणखी भर पडते. रक्तातलं जस्त अल्ब्युमिन नावाच्या प्रथिनाला धरून फिरतं, आणि किडनीच्या जाळीतून अल्ब्युमिन गळायला लागलं की जस्तही त्याच्याबरोबर जातं. म्हणजे पुष्कळ वेळा जस्ताची कमतरता हा मधुमेहाचा परिणाम असतो. हे नीट ध्यानात घ्या. गळक्या हंड्यात वरून पाणी ओतत बसायचं, की आधी गळती बुजवायची? साखर आटोक्यात आली की ही गळतीही कमी होते.

माणसाला जस्त लागतं हेच मुळात कुणाला ठाऊक नव्हतं, ही गोष्टही ऐकण्यासारखी आहे. पावावरच्या बुरशीला जस्त लागतं हे फ्रान्समध्ये ज्यूल्स रॉलँ यांनी १८६९ सालीच दाखवलं होतं. माणसाचं मात्र तज्ज्ञ म्हणत, अन्नात इतकं जस्त असतं की कुणाला कमी पडणं शक्यच नाही.

ते शक्य आहे, हे दाखवलं बिहारच्या बक्सरमध्ये जन्मलेल्या डॉक्टरनं. आनंद प्रसाद पाटण्याला शिकले, मग अमेरिकेला गेले आणि १९५८ साली इराणमधल्या शिराज शहरात कामाला लागले. तिथे त्यांच्यापुढे एक रुग्ण आला. वय २१, पण दिसायला दहा वर्षांचा मुलगा. दाढी-मिशी नाही, उंची नाही, रक्त अगदी कमी. खाणं काय, तर कोंड्यासकट पिठाची बिनआंबवलेली रोटी. आणि तो माती खायचा. असे आणखी रुग्ण सापडत गेले. रक्त कमी असण्याचं कारण लोह, ते समजलं. पण लोह कमी म्हणून वाढ खुंटत नाही, हे प्रसाद यांना खटकलं. मातीत आणि कोंड्यातल्या फायटेट नावाच्या द्रव्यात लोहाप्रमाणे जस्तही अडकून बसत असणार, असा त्यांनी अंदाज बांधला. पुढे इजिप्तमध्ये अशाच मुलांच्या रक्तात आणि केसांत त्यांना जस्त कमी सापडलं. जस्त दिल्यावर ती मुलं एका वर्षात पाच-पाच इंच वाढली आणि वयात आली. तरीही तज्ज्ञ बरीच वर्षं मानेनात. अखेर १९७४ साली अमेरिकेनं जस्त माणसाला आवश्यक असल्याचं जाहीर करून रोजचं प्रमाण ठरवलं. २००४ साली जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांनी जुलाब झालेल्या बाळांना ओआरएससोबत जस्त द्यायला सांगितलं. आशाताईच्या पिशवीतली १४ दिवसांची गोळी आली ती अशी.

पोटुशी बाई भाजलेली माती, खडू, चुलीचा पोपडा खाते हे आपल्याकडे अजून चालतं. घरात त्याला डोहाळे म्हणून हसतात. ते हसण्यावारी नेऊ नका. रक्त तपासून घ्या.

आता शुगरमुळे जे पुढचे त्रास होतात त्यांच्याकडे येतो: पायाची जखम, डोळे, किडनी. खरी भीती त्यांचीच. बाई पायात काटा मोडल्याचं सांगते आणि सहा महिन्यांनी अंगठा कापावा लागतो, हे आपण पाहतो. जखम भरायला नवीन पेशी तयार व्हाव्या लागतात आणि त्यासाठी जस्त लागतं. अमेरिकेत वॉल्टर पोरीज यांनी १९६७ साली हवाई दलातल्या तरुण जवानांवर एक प्रयोग केला. सगळ्यांची एकाच तऱ्हेची शस्त्रक्रिया झालेली होती. ज्यांना जस्त दिलं त्यांच्या जखमा सुमारे ४६ दिवसांत भरल्या, न दिलेल्यांच्या ८० दिवसांत. जगभर मग जखमांवर जस्त द्यायची लाटच आली. पण प्रयोग होता फक्त २० जणांवर. नंतर पायांच्या जुनाट जखमांवर पुन्हा पुन्हा तपासलं तेव्हा सगळ्यांना फायदा दिसला नाही. अंगात जस्त कमी असेल त्याला कदाचित उपयोग होतो, ज्याचं पुरेसं आहे त्याला आणखी देऊन काही होत नाही. शिवाय शुगरच्या माणसाची जखम अडते ती पायाला रक्त कमी पोचतं म्हणून, आणि बधिरपणामुळे जखम झाल्याचं कळतच नाही म्हणून. त्यावर जस्ताची गोळी काय करणार? रोज रात्री पाय धुऊन, पुसून, तळवा आणि बोटांच्या बेचक्या बघायच्या. स्वतःला वाकता येत नसेल तर सुनेला, नातीला बघायला सांगा.

यापुढची गोष्ट आपल्याच काळातली आहे. २००७ साली फ्रान्समधल्या मधुमेहींच्या अभ्यासात एक जनुक सापडलं. आईबापांकडून आपल्याला जे मिळतं, नाक-डोळे-रंग, ते ज्या सूचनांनुसार घडतं ती जनुकं. या जनुकाचं काम इन्सुलिनच्या त्या कणगीत जस्त ओढून आणायचं. त्याच्यात एक लहानसा बदल असला की मोठेपणी होणाऱ्या मधुमेहाचा धोका थोडा वाढतो. सगळ्यांना वाटलं, झालं, कोडं सुटलं: कणगीत जस्त कमी आलं की शुगर होते. पण २०१४ साली उलटंच निघालं. सुमारे दीड लाख माणसांच्या तपासणीत काही माणसं अशी सापडली की ज्यांच्यात या जनुकाची एक प्रत बिघडलेलीच होती. त्यांना मधुमेह व्हायला हवा होता जास्त. त्यांच्यात तो निघाला कमी, धोका सुमारे ६५ टक्क्यांनी खाली. मोठमोठे शास्त्रज्ञ चक्रावले आणि अजून त्यावर काम चालू आहे. आठवडी बाजारातला माणूस मात्र माइकवरून ठासून सांगतो, जस्त वाढवा, शुगर पळवा!

तर गोळ्या देऊन पाहिलं तेव्हा काय झालं? अमेरिकेतल्या नर्सबायांचा एक मोठा अभ्यास आहे. ८२ हजारांहून जास्त बायकांच्या खाण्यापिण्याची नोंद २४ वर्षं ठेवली. ज्यांच्या खाण्यात जस्त जास्त होतं त्यांच्यात मधुमेह थोडा कमी आढळला. २००९ साली हे छापून आलं. पण चांगलंचुंगलं खाणारी बाई इतर बाबतींतही स्वतःला जपत असते, त्यामुळे सगळं श्रेय जस्ताला देता येत नाही. २०१५ साली गोळ्या देऊन केलेल्या चाचण्या एकत्र करून तपासल्या तेव्हा नियमात बसणाऱ्या तीनच निघाल्या, माणसं मिळून १२८. एवढ्यावरून जस्तानं मधुमेह टळतो असं म्हणायला आधार नाही, असा निष्कर्ष निघाला. त्यानंतर २०१८ साली श्रीलंकेत सीमारेषेवर असलेल्या, म्हणजे शुगर व्हायच्या बेतात असलेल्या २०० जणांवर प्रयोग झाला. निम्म्यांना वर्षभर रोज २० मिलिग्रॅम जस्त, निम्म्यांना तशीच दिसणारी पोकळ गोळी. जस्त घेतलेल्यांत शुगर कमी जणांना झाली. ही आशेची गोष्ट आहे, आम्ही ती लपवणार नाही. पण हा प्रयोग शुगर व्हायच्या आधीच्या माणसांवर होता, मोजून दिलेल्या गोळीचा होता आणि दोनशेच जणांवर होता. झालेला मधुमेह जस्तानं बरा होतो, इन्सुलिन किंवा मेटफॉर्मिन सोडता येतं, असं या शंभर वर्षांत कुठल्याही प्रयोगात निघालेलं नाही.

पुडी बंद कर म्हटलं की बाया विचारतात, ताई, नुकसान तर नाही ना? नुकसान आहे. जस्त फार झालं की मळमळ, उलटी होते आणि बराच काळ जास्त घेतलं तर अंगातलं तांबं कमी होऊन रक्त घटतं. आपल्या बाया आधीच रक्त कमी असलेल्या. लोहाच्या गोळीबरोबर जस्ताची गोळी घेतली तर दोन्ही एकमेकींना अडवतात. बाईला दिवसाला साधारण १३ मिलिग्रॅम जस्त लागतं, पुडीत किती आहे ते पुडीवर लिहिलेलंच नसतं. जस्ताच्या बादलीत ताक, लिंबाचं सरबत, चिंचेचं पाणी ठेवायचं नाही, तेही याच कारणासाठी. आंबटात जस्त उतरतं आणि पंगतच्या पंगत उलट्या करते. आणि सगळ्यात मोठं नुकसान बंद केलेल्या गोळीचं. त्या काकूंनी तीन महिन्यांची साखर दाखवणारी तपासणी केली तेव्हा आकडा ११ च्या वर होता. उपकेंद्रातल्या सिस्टरांनी त्यांना पुन्हा गोळीवर आणलं. पुडीचे नऊशे रुपये गेले ते गेलेच.

डॉक्टर स्वतः जस्ताची गोळी लिहून देत असतील तर ती जरूर घ्या. नाहीतर आपल्या स्वयंपाकघरात जस्त भरपूर आहे: हरभरा, मटकी, मूग, चवळी, तीळ, शेंगदाणे, भोपळ्याच्या बिया, बाजरी, अंडी, मटण. अडचण तीच, प्रसादांना शिराजमध्ये दिसलेली. फायटेट जस्ताला सोडत नाही. कडधान्याला मोड आणले, पीठ आंबवलं की ते फायटेट बरंच मोडतं. आपल्या आज्या मटकी फडक्यात बांधून ठेवायच्या, ज्वारीची आंबील करायच्या, तेव्हा नकळत हेच काम होत होतं. शुगर असलेल्यांनी उसळ खावी, आंबील मात्र बेतानं, कारण तीही पिठाचीच.

आणि बाजरीबद्दल एक. इक्रिसॅट आणि राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठानं मिळून धनशक्ती नावाचा बाजरीचा वाण काढला. तो २०१२ साली आपल्या महाराष्ट्रात प्रसारित झाला. त्यात लोह आणि जस्त दोन्ही नेहमीच्या बाजरीपेक्षा जास्त असतं. ज्या गटांची सामूहिक शेती आहे त्यांनी यंदा बियाणं घेताना कृषी सहायकांकडे या वाणाची चौकशी करावी. पेरणीला अजून वेळ आहे, मागणी एकत्र नोंदवली तर बियाणं मिळायला सोपं जाईल.